ताईचा स्कोअर आठवतो का?

नमस्कार बाई,

मी मूळचा नागपूरचा. वीसेक वर्षं झाली, अमेरिकेत आयोवा राज्यात डे मॉइनजवळ राहतो. थोरली मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत आहे. शाळेच्या मुलींच्या बास्केटबॉलच्या मुख्य संघात, इकडे ज्याला व्हर्सिटी म्हणतात त्यात, यंदा तिची निवड झाली. पण ती बहुतेक वेळ बेंचवर असते. बत्तीस मिनिटांच्या सामन्यात तीन-चार मिनिटं मिळाली तर खूप.

माझं लहानपण धरमपेठेत गेलं. शेजारी एक ताई राहायची, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. ती बास्केटबॉल खेळायची, आधी शाळेकडून, मग जिल्ह्याकडून. रोज संध्याकाळी मी तिच्या मागेमागे कोर्टवर जायचो. बॉल गटारात गेला की काढून आणायचा, तिची पाण्याची बाटली सांभाळायची, हे माझं काम. सराव संपला की ती मला एक शॉट मारू द्यायची. माझ्याकडे कात्रणांची वही होती. तीत सगळे फोटो पी. टी. उषाचे, आणि शेवटच्या पानावर ताईच्या संघाचा, पेपरात आलेला, इतका बारीक की ताई कोणती ते ओळखूही येत नव्हतं. बारावीनंतर तिचं लग्न झालं आणि खेळ सुटला.

लेकीला मी हे सगळं सांगत आलोय. २०२३ मध्ये किनिक स्टेडियमवर आयोवा विद्यापीठाची बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्क हिचा सामना बघायला दोघी मुलींना घेऊन गेलो होतो. सामन्याहून घरी येताना गाडीत मी तिला तिच्या चुका सांगतो, प्रेमानेच. परवा ती म्हणाली, "बाबा, मार्चनंतर मी खेळणार नाही. उन्हाळ्यात नोकरी करणार आहे." मी म्हटलं, "ताईला सोडावं लागलं. तुला कोणी अडवत नाहीये आणि तू आपणहून सोडतेस?" त्यावर म्हणाली, "ती तुमची गोष्ट आहे. मी तुमची हिरो नाहीये."

बायको म्हणते, तिचा पिच्छा सोडा. धाकटी आठ वर्षांची आहे, ती मात्र थोरलीच्या नंबरचा शर्ट घालून प्रत्येक सामन्याला येते. सामन्यांना एक आजीही येतात. त्या इथल्या जुन्या सहा-सहाच्या खेळात गार्ड होत्या. मागच्या आठवड्यात मला म्हणाल्या, "तुमच्या मुलीचे पाय बरोबर पडतात." बेंचवर बसणाऱ्या मुलीबद्दल हे काय बोलणं, मला समजलं नाही.

मी कोचशी बोलू का? लेकीला कसं समजावू?

– एक बाबा, डे मॉइन


प्रिय बाबा,

ताईबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंय. बाटली, गटारातला बॉल, सरावानंतरचा एक शॉट, ओळखू न येणारा फोटो. ताई सामन्यात किती बास्केट टाकायची, हे मात्र पत्रात कुठेच नाही. जिल्ह्याच्या संघात ती पहिल्या पाचांत होती की बदली खेळाडू, तेही नाही. तुम्ही विसरला असाल असं मला वाटत नाही. मला वाटतं, तुम्हाला ते कधी माहीतच नव्हतं, कारण आठ-नऊ वर्षांच्या पोराला त्याचं काही पडलेलं नव्हतं. ताई रोज यायची, खेळताना घरच्यापेक्षा वेगळीच दिसायची, आणि दमलेली असली तरी तुमच्या हातात बॉल द्यायला थांबायची. तुम्हाला तेवढं पुरलं, चाळीस वर्षं पुरलं.

आणि लेकीबद्दल काय लिहिलंय? बत्तीसपैकी तीन-चार मिनिटं. ती कशी खेळते हे सांगणारं अख्ख्या पत्रात एकच वाक्य आहे आणि तेही तुमचं नाही, त्या आजींचं आहे.

म्हणून आधी आजींकडे वळते. त्या ज्या खेळातून आल्यात तो मुलींच्या खेळाच्या इतिहासातला एक विलक्षण अध्याय आहे, आणि तुम्ही त्याच्या ऐन गावात राहता. आयोवात शाळकरी मुलींची राज्य स्पर्धा १९२० पासून होते. १९२५ मध्ये शाळांच्या क्रीडा संघटनेने मुलींच्या बास्केटबॉलची जबाबदारी नको म्हटली, तेव्हा काही शाळाप्रमुखांनी मुलींसाठी वेगळी संघटनाच काढली. अमेरिकेत इतरत्र मुलींनी घाम गाळणं अशोभनीय मानलं जात होतं त्या काळात आयोवाच्या शेतकरी गावांत मुलींच्या सामन्याला अख्खं गाव लोटायचं. खेळ सहा-सहा जणींचा. तीन फॉरवर्ड एका अर्ध्या कोर्टात, तीन गार्ड दुसऱ्या अर्ध्यात, मधली रेघ कोणी ओलांडायची नाही. बॉल हातात आला की फक्त दोनदा टप्पा द्यायचा, मग पास नाहीतर शॉट. बास्केट करायचं ते फॉरवर्डनी. गार्डचं काम एकच: समोरच्या फॉरवर्डला अडवणं.

१९६८ चा राज्याचा अंतिम सामना तिकडची जुनी माणसं अजून सांगतात. युनियन-व्हिटन विरुद्ध एव्हर्ली, दोन्ही लहान गावांच्या शाळा. जादा वेळेत युनियन-व्हिटनने ११३–१०७ असा जिंकला. त्यांच्या डेनिस लाँगने ६४ गुण केले, हरलेल्या बाजूच्या जनेट ओल्सनने ७६. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स या पुरुषांच्या व्यावसायिक संघाने खेळाडू निवडताना डेनिसचं नाव पुकारलं. लीगने ती निवड रद्द केली, पण नाव पुकारलं गेलं ते गेलंच. पुढे व्हेंच्युरा शाळेच्या लिन लॉरेनझेनने १९८७ पर्यंत कारकिर्दीत ६,७३६ गुण केले. १९९३ मध्ये आयोवात सहा-सहाचा खेळ संपला आणि राज्यात सगळीकडे पाच-पाचचा आला.

ही सगळी नावं फॉरवर्डची आहेत, कारण नोंदवहीत गुण लिहायला रकाना असतो. मला त्या रात्रीच्या युनियन-व्हिटनच्या गार्ड आठवाव्याशा वाटतात. त्यांच्यासमोर ओल्सनने ७६ गुण केले, आणि तरी जिंकल्या त्या. एखादा अडवलेला शॉट, एखादा हिसकावलेला पास त्यांच्या हातून झाला नसता तर सहा गुणांचा तो फरक उरला असता का? नोंदवहीत त्यांच्या नावापुढे काय असेल? केलेले फाउल. शाळेची सगळी वर्षं खेळून एकही गुण न केलेल्या हजारो मुली त्या राज्यात होऊन गेल्या. त्यांच्या गावांनी त्यांना डोक्यावर घेतलं, कारण प्रेक्षकांना त्यांचा खेळ बघता येत होता. तुमच्या त्या आजी त्यांच्यापैकी एक आहेत.

तेव्हा आजी पायांबद्दल बोलल्या तर ते गार्डच्या डोळ्याने पाहिलेलं आहे, आणि इतक्या वर्षांच्या शाळेच्या मैदानावरच्या अनुभवावरून सांगते, कोवळ्या खेळाडूबद्दल याहून चांगलं वाक्य मी क्वचित ऐकलंय. बचाव करताना गुडघ्यात वाकून राहायचं, पायाला पाय लागू द्यायचा नाही, बाजूला सरकताना पाय एकमेकांना ओलांडू द्यायचे नाहीत, समोरची आणि बास्केट यांच्यामध्ये आपलं अंग ठेवायचं. हे सोपं वाटतं. पंधरा-सोळाव्या वर्षी फार कमी मुलींना जमतं, कारण सगळ्यांची नजर बॉलच्या मागे धावते आणि नजरेमागून पाय. तुमची लेक तसं करत नाही. तिचं लक्ष समोरच्या मुलीच्या कमरेकडे असणार. खांदे हूल देतात, डोळे हूल देतात, कंबर जिकडे वळते तिकडेच माणूस जातो.

पुढच्या सामन्याला त्या आजींच्या शेजारी जाऊन बसा. "कुठे बघू?" असं विचारा. त्या खूश होतील, सांगतीलही भरपूर. लेक कोर्टवर आली की बॉल विसरून ती जिला अडवतेय त्या मुलीकडे बघा. त्या मुलीपर्यंत पास पोचला का? पोचला तर तिला हवा तिथे घेता आला, की दोन पावलं बाहेर ढकलली गेली? चार मिनिटांत असे पंधरा-वीस क्षण येतात, आणि फलकावर त्यातला एकही दिसत नाही. आणखी एक सांगते. संघ सराव करतो तेव्हा पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल बेंचवरच्याच मुलींना करावी लागते. समोरच्या शाळेची मुख्य खेळाडू डावीकडून घुसते, तर आठवडाभर हिने डावीकडून घुसायचं, म्हणजे पहिल्या पाचजणींना सवय होईल. ते तुम्ही कधी पाहिलेलं नाही, कारण सराव बंद दाराआड असतो. एखाद्या संध्याकाळी जेवताना सहज विचारा, "या आठवड्यात तू कोण होतीस?" तिच्याकडे उत्तर असेल.

आता गाडीतल्या गप्पा. त्या आजपासून बंद करा. प्रेमाने सांगता हे मला पटतंय, तरीही बंद. हरलेल्या किंवा बेंचवर बसून काढलेल्या सामन्यानंतरची पंचवीस मिनिटं ही मुलांच्या आयुष्यातली फार नाजूक वेळ असते. तिला आपल्या चुका पाठ असतात. तीन मिनिटं मिळालेल्या मुलीला त्या तीन मिनिटांतलं पाऊल न् पाऊल आठवत असतं. त्यात तुमचा आवाज मिसळला की पुढच्या वेळी कोर्टवर उतरताना तिच्या डोक्यात प्रतिस्पर्धी नसतो, घरी जाताना बाबा काय म्हणतील ते असतं. "भूक लागलीय का?" एवढंच विचारा आणि जे मागेल ते खायला द्या. तिला बोलायचं असेल तर ती बोलेल. या वयाची मुलं गाडीत मोकळी होतात, समोरासमोर बघावं लागत नाही ना, म्हणून. रेडिओ तिच्या आवडीचा लावा आणि वाट बघा. काही आठवडे ती काहीच बोलली नाही तरी थांबा.

कोचशी मिनिटांबद्दल बोलू नका. तिकडच्या अनेक शाळांत पालकांना हंगामाच्या आधीच सांगितलेलं असतं की सामन्यानंतर चोवीस तास कोचकडे तक्रार आणायची नाही आणि कोण किती खेळणार यावर चर्चा होणार नाही. मला हा नियम योग्य वाटतो. पण त्याहून मोठं कारण तुमची लेक आहे. बाबांनी जाऊन मिळवलेली पाच मिनिटं तिला स्वतःची वाटणार नाहीत, आणि संघातल्या बाकीच्या मुलींना ते दुसऱ्या दिवशी कळलेलं असेल. विचारायचं तर तिने विचारावं, तिची इच्छा असली तरच: सरावाच्या आधी, शांत वेळी, "मला जास्त खेळायला मिळावं म्हणून मी नेमकं कशावर काम करू?" "मला का घेत नाही?" असं विचारलं की कोच कारणं देत बसतो. "कशावर काम करू?" म्हटलं की त्याला खेळाबद्दल बोलावंच लागतं. तिला विचारायचं नसेल तर विषय संपला. मात्र काही गोष्टींत तुम्ही थेट जायचं आणि चोवीस तासही थांबायचं नाही: दुखापत असताना खेळवणं, वजनावरून किंवा शरीरावरून बोलणं, अपमान, भीती. गुडघ्याचं तर विशेष. मुलींच्या गुडघ्याच्या आतला सांधणारा पट्टा बास्केटबॉलमध्ये मुलांच्या मानाने अधिक वेळा फाटतो. गुडघ्यात दुखतंय असं ती म्हणाली तर "थोडं सहन कर" म्हणू नका, डॉक्टरकडे न्या.

पत्रातल्या एका वाक्याने मात्र मला खूप त्रास झाला. "ताईला सोडावं लागलं. तुला कोणी अडवत नाहीये आणि तू आपणहून सोडतेस?" बाबा, हे तुम्ही ताईचं थकलेलं कर्ज लेकीच्या नावावर चढवलंत. लेकीने ते काढलेलं नाही. ताईशी तिची ओळखही नाही.

ताईवर अन्याय झाला हे तुमचं वाटणं खरं आहे आणि ते मला फार जवळचं आहे. ज्या नागपुरात बास्केटबॉल घराघरांत माहीत होता, शिवाजीनगर जिमखाना आणि धरमपेठ क्रीडा मंडळ यांसारख्या संस्थांच्या कोर्टवर संध्याकाळी मुली खेळताना दिसायच्या, तिथेही बारावी झाली की मुलीचे बूट माळ्यावर जायचे. किती मुली मी तशा जाताना पाहिल्या. जाताना बहुतेक जणी हसून जायच्या, "बाई, आता काय!" म्हणायच्या. पुढे पुण्याची शिरीन लिमये भारताच्या संघाची कर्णधार झालेली पाहिली तेव्हा मला त्या सगळ्या आठवल्या. तुमचा राग जागा आहे हे चांगलंच आहे. पण तो राग ताईचं लग्न ठरवणाऱ्यांवर आहे, आपल्या तेव्हाच्या घरांवर आहे. सोळा वर्षांच्या मुलीने "मला पुढे खेळायचं नाही" असं घरात स्पष्ट सांगणं आणि ते ऐकलं जाणं, हे तर ताईला मिळालंच नाही. ताईला खेळायचं होतं, कोणी विचारलं नाही. लेकीला थांबायचंय, तर तिला विचारा आणि उत्तर येईल ते घ्या.

"मी तुमची हिरो नाहीये" हे ती चिडून म्हणाली असेल, पण त्यात तिची एक समजूत दडलेली दिसते: खेळ सोडला की आपण बाबांच्या वहीतून बाहेर पडू. ही समजूत तुम्हीच दूर करू शकता, आणि त्यासाठी लागणारी सगळी उदाहरणं तुमच्याकडे आहेत.

किनिकचा तो दिवस घ्या. १५ ऑक्टोबर २०२३, फुटबॉलच्या उघड्या स्टेडियमवर मुलींचा बास्केटबॉल सामना आणि ५५,६४६ प्रेक्षक. त्यांत तुम्ही तिघं होतात, याचा मला इथे बसून हेवा वाटतो. ज्या केटलिन क्लार्कसाठी ती गर्दी जमली, ती तुमच्या डे मॉइनच्याच भागात वाढलेली, शाळेत डाउलिंग कॅथलिककडून खेळलेली. तिची लहानपणीची हिरो माया मूर. माया ज्या महिलांच्या व्यावसायिक संघातून खेळायची, त्या मिनेसोटा लिंक्सचा सामना बघायला गेलेल्या लहानग्या केटलिनने धावत जाऊन मायाला मिठी मारली होती. ३ मार्च २०२४ ला आयोवा सिटीत केटलिनच्या घरच्या मैदानावरच्या शेवटच्या साखळी सामन्याला माया स्वतः हजर राहिली, आणि त्याच दिवशी केटलिनने पीट मॅराविच या पुरुष खेळाडूचा कॉलेज कारकिर्दीतल्या सर्वाधिक, ३,६६७ गुणांचा, अर्ध्या शतकाहून जुना विक्रम मागे टाकला.

आता मायाचं पुढचं ऐका. चार वेळा लीगचं विजेतेपद, ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं, आणि २०१९ मध्ये, तिशीही उलटली नव्हती तेव्हा, ती खेळातून बाजूला झाली. जोनाथन आयर्न्स हा माणूस न केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात आहे अशी तिची खात्री होती. त्याला सोडवण्यासाठी तिने आपली खेळाची सर्वोत्तम वर्षं दिली. २०२० मध्ये तो सुटला. माया कोर्टवर परतली नाही. त्याने केटलिनच्या लेखी ती कमी झाली का? तिला समोर बघून त्या दिवशी केटलिनचा चेहरा लहान मुलीसारखा फुलला होता.

आणि तुमची उषा. सेऊलच्या १९८६ च्या एशियाडमध्ये चार सुवर्णपदकं मिळवली तिने. तरी तुमच्या वयाच्या कोणालाही उषा म्हटलं की ८ ऑगस्ट १९८४ आठवतो. लॉस एंजेलिस, ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत, ५५.४२ सेकंद. तिसरी आलेली रुमानियाची मुलगी ५५.४१. एक शतांश सेकंदाने उषा चौथी आली, आणि सगळ्या देशाने तिचा फोटो कापून वह्यांत चिकटवला. तुमच्या वहीतही त्या शर्यतीचा असणारच. तुमचा स्वतःचा इतिहास तुम्हाला सांगतोय की तुम्ही पदकावर प्रेम करणारे नाही. तुम्ही तसे असल्याचं लेकीसमोर का दाखवता?

तेव्हा तिच्याशी एकदाच बोला, थोडक्यात बोला. शब्द तुमचे असू देत, पण आशय असा असावा: "ताईने किती गुण केले ते मला माहीत नाही. ती खेळायची थांबली तरी मला ती तेवढीच आवडायची. हे तुला सांगायला हवं होतं, ते सोडून मी तुला भलतंच सांगत राहिलो. तू खेळ किंवा नको खेळू." मग उठून कामाला लागा. तिने लगेच काही म्हणावं अशी अपेक्षा ठेवू नका. कॉलेजची शिष्यवृत्ती वगैरे मध्ये आणू नका. शाळेत बास्केटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलींपैकी चार-पाचच कॉलेजच्या मोठ्या स्पर्धांपर्यंत पोचतात, हे तिला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

मग ताईचा नंबर शोधा. नागपुरात अजून कोणी तरी असेलच, नाहीतर जुन्या शाळेच्या एखाद्या ग्रुपवर विचारा. ती आता पंचावन्नच्या पुढे असेल. आपला फोटो कोणाच्या तरी वहीत उषाच्या सोबत होता हे तिला माहीत आहे का? मला नाही वाटत. तुम्ही हे इतकी वर्षं लेकीला, बायकोला आणि आता मला सांगितलंत. जिला सांगायचं तिला सांगा. तिच्याशी बोलताना लेकीचं गाऱ्हाणं काढू नका, तो फोन फक्त ताईचा असू द्या. तिला त्या कोर्टबद्दल विचारा. तिच्या आठवणीत तुम्ही असाल की नसाल, पण बॉल गटारात जायचा हे तिला नक्की आठवेल.

धाकटीबद्दल एकच सूचना. आठ वर्षांची ती मुलगी थोरलीला कुठल्या नजरेने बघते हे तुम्हाला दिसतंय, मलाही दिसलं. ते थोरलीला ऐकवायचा मोह होईल: "बघ, तू हिची हिरो आहेस, हिच्यासाठी तरी खेळ." कृपा करून म्हणू नका. बाबांच्या अपेक्षेतून सुटलेल्या मुलीला धाकट्या बहिणीच्या अपेक्षेत अडकवण्यात काय अर्थ आहे? त्या दोघींचं त्यांना बघू द्या. धाकटीला बाटली धरायची असेल तर धरू दे. घरासमोरच्या बास्केटवर थोरली कधी शॉट मारायला गेली तर तुम्ही खाली उभं राहून बॉल परत देत राहा. कोपर आत घे, गुडघा वाकव, काही सांगायचं नाही. ते काम तुम्ही लहानपणी उत्तम करत होतात.

आता मार्चनंतरचं. हंगाम ती पुरा करणार आहे, तुमच्या पत्रावरून तसंच दिसतं. हे मला आवडलं. अर्ध्यात टाकून ती जात नाहीये. तिच्या वतीने उन्हाळी लीगमध्ये नाव घालू नका, आगाऊ पैसेही भरू नका. नोकरी करू द्या. लहान मुलांच्या बास्केटबॉल शिबिरांत मदतनीस लागतात, लहानांच्या सामन्यांना पंच लागतात, आणि तिच्या वयाच्या मुलामुलींना त्याचे पैसे मिळतात. हे एकदा कानावर घाला, दुसऱ्यांदा नको. ती आइस्क्रीमच्या दुकानात उभी राहणार असेल तर तेही चांगलंच काम आहे. नोव्हेंबरमध्ये पुन्हा निवड चाचणी असेल, तेव्हा तिचं मन काय म्हणतं ते तेव्हा कळेल. त्या आधी तुमच्याकडून एकही प्रश्न नको.

आणि खरंच सोडायचं ठरलं तर कोचला तिनेच सांगावं, हंगाम संपल्यावर लवकर, शक्यतो समोर जाऊन. कोचलाही पुढच्या वर्षीचा संघ बांधायचा असतो. समोर बोलणं जड वाटलं आणि तिने चार ओळी लिहून दिल्या तरी चालेल. त्या ओळी तुम्हाला दाखवायच्या की नाही, हे तिचं तिला ठरवू द्या.

तुमची,
बाई